दुसऱ्या खेळातलं हसू

१

दर गुरुवारी कॉरी बास्कम एकच विनोद दोनदा सांगायची, आणि दोन्ही वेळा तो तिला आत्ताच सुचलाय असं ऐकणाऱ्याला वाटायचं. तिचं कामच ते होतं.

दुपारी चार वाजता हॉलिवूडच्या त्या स्टुडिओतून पहिला खेळ व्हायचा. तो पूर्वेकडच्या लोकांसाठी. न्यूयॉर्कला तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असत, जेवणाची ताटं उचलून माणसं रेडिओजवळ येऊन बसलेली असत. मग तीन तासांनी, इथे सात वाजले, की तोच खेळ तसाच्या तसा पश्चिम किनाऱ्यासाठी. तीच मंडळी, तेच कागद, तेच विनोद. समोरचे प्रेक्षक तेवढे नवे. पहिल्या खेळाला सगळे नट तरतरीत असायचे. दुसऱ्या खेळाला निम्म्यांना जांभया यायच्या आणि उरलेल्यांना वाटाण्याच्या सूपचे ढेकर.

कार्यक्रम हॅल डॉबर्नचा होता. कॉरी त्यात शेजारीण, मिसेस प्लमली. विसाव्या मिनिटाला दारावर ठकठक व्हायची, आणि कुरकुरत्या दारासारख्या आवाजात मिसेस प्लमली काहीतरी उसनं मागायला यायची. या आवाजावर अख्खा देश फिदा होता. कॉरी स्वतः मात्र भाजी घ्यायला गेली तर तिला कुत्रंही ओळखत नसे. चव्वेचाळीस वर्षांची, चष्मेवाली, बिनलग्नाची बाई. तिला ते बरंच वाटायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी मिसेस प्लमली एक अंडं उसनं मागायला आली.

"एकच?" हॅल म्हणाला. "एका अंड्याचं काय करणार?"

"करायचं काही नाही हो," कॉरी म्हणाली. "मिस्टर प्लमलींना मी सांगितलंय, की..."

पुढचं वाक्य असं होतं: की मी कोंबडी पाळलीय, रोज एक दाखवावं लागतं. पहिल्या खेळात या वाक्यावर छप्पर उडालं होतं. दुसऱ्या खेळात ते वाक्य तोंडातून निघण्याआधीच कोणीतरी हसलं.

कॉरी थांबली. हसू आलं की थांबायचं, ते ओसरू द्यायचं, मग पुढचं बोलायचं, हे या धंद्यातलं पहिलं शास्त्र. वीस वर्षांची सवय, जीभ आपोआप थांबते. पण बाकी कोणीच हसत नव्हतं. विनोद अजून झालाच नव्हता ना! हॅलने भुवया उंचावल्या. मग तिने वाक्य टाकलं, लोक हसले, खेळ पुढे गेला.

प्रक्षेपणाचा लाल दिवा विझल्यावर गस लिंडक्विस्ट काचेच्या खोलीतून बाहेर आला. गस दिग्दर्शक. त्याच्या गळ्यात शिट्टीसारखं एक सेकंदमोजणीचं घड्याळ लटकलेलं असायचं. तो झोपेतही ते काढत नाही, असं त्याची बायको सांगायची.

"चार सेकंद," तो म्हणाला. "चार सेकंद देश नुसता आपल्या रेडिओच्या जाळीकडे बघत बसला होता. कुठे गेली होतीस?"

"कोणीतरी मध्येच हसलं ना."

"कोण?"

कॉरीने वळून पाहिलं. प्रेक्षक उठून चालले होते. खुर्च्या नाटकघरातल्यासारख्या, माणूस उठला की बसायची फळी फाटकन वर जायची. फाट, फाट, फाट. नेहमीचाच आवाज. सभागृह रिकामं झालं, सगळ्या फळ्या वर गेल्या. चौथ्या रांगेतली डावीकडून तिसरी तेवढी खालीच राहिली.

"जाऊ दे," कॉरी म्हणाली.

तिने ते हसू ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणूनच ती गप्प बसली.

२

उत्तरेला, याकिमा गावी, सफरचंदांच्या बागेत कॉरीचा बाप कामाला होता. दोन खोल्यांचं घर, आणि दोघी बहिणी एका पलंगावर एका गोधडीत. धाकट्या आर्डिथची छाती जन्मापासून नाजूक. थंडीत तिला महिना महिना अंथरुणातून उठू देत नसत. तिला रिझवायचं काम कॉरीचं.

मिसेस प्लमलीचा आवाज त्या गोधडीखाली जन्मला. त्यात अर्धी खरी शेजारीण होती आणि अर्धी स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी. तो आवाज काढला की आर्डी आधी एक श्वास आत ओढायची, हुंदका द्यावा तसा, आणि मग सुरईतून पाणी ओतावं तसं तिचं हसू गुडगुडत सुटायचं. खोड एकच. तिला धीर म्हणून नव्हता. विनोद पुरा व्हायच्या आत ती हसायची.

"अगं, अजून सांगितलं कुठे?" कॉरी चिडायची.

"येताना दिसतंय मला," आर्डी म्हणायची.

हसण्याच्या शेवटी खोकला यायचा, हाडं खिळखिळी करणारा. पलीकडच्या खोलीतून आई ओरडायची, "कॉरी! हसवू नकोस गं तिला! अशानं जीव जाईल एखादे दिवशी!" कॉरी तोंडावर हात दाबून गप्प पडायची. जरा वेळाने अंधारात बाही ओढली जायची.

"परत."

"आई मारेल."

"परत, कॉरी. एकदाच."

मग कॉरी परत सांगायची. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ हे होतं. मुलाखतीत विचारलं तर ती भलतंच काहीतरी सांगायची.

आर्डी पुढे क्षयाच्या इस्पितळात गेली, स्पोकेन शहराच्या बाजूला, आणि तिथेच राहिली. तेही पश्चिमेकडेच, म्हणून तिथे दुसरा खेळ लागायचा. गुरुवारी सात वाजता तिच्या उशाशी रेडिओ असायचा, आणि शुक्रवारी पत्र: अमुक विनोद छान, तमुक विनोद मला आधीच कळला. फेब्रुवारीत एका मंगळवारी तार आली. ताबडतोब या.

गस म्हणाला होता, "जा. तुझी जागा एका गुरुवारपुरती कोणीही धरेल."

कोणीही. मिसेस प्लमली कोणीही करेल? कॉरीला ते सोसलं नाही. गुरुवारचे दोन्ही खेळ करून रात्रीच्या गाडीने निघू, असं तिने ठरवलं. तिला कोणी अडवलं नव्हतं. हे ती स्वतःला रोज सांगायची, आणि रोज ते तेवढंच खरं असायचं.

नर्सचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. ‘तुमच्या बहिणीने शेवटपर्यंत रेडिओ बंद करू दिला नाही. आता ठकठक होईल बघा, असं त्या म्हणाल्या. मी उशी नीट करायला वळले. ठकठक झाली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. चेहरा हसरा होता.’

त्या पत्रात घडी करून त्या गुरुवारचं पान ठेवलेलं होतं. शिडीचा विनोद. कॉरीच्या सगळ्या विनोदांतला आर्डीने न ऐकलेला तो एकच.

३

पुढच्या गुरुवारी पहिला खेळ नेहमीसारखा झाला. दुसऱ्या खेळात, बरोबर विनोदाच्या उंबऱ्यावर, तो आत ओढलेला श्वास आला आणि मागोमाग हसू. या वेळी तिसऱ्या रांगेतून. त्यापुढच्या गुरुवारीही तिसऱ्याच रांगेतून, पण मधल्या वाटेच्या जवळून. मेच्या पहिल्या गुरुवारी दुसऱ्या रांगेतून.

प्रेक्षकांत हसऱ्या बायका काय कमी असतात? कॉरीने स्वतःशी वाद घातला. एखादी दुपारीही येऊन बसत असेल, विनोद आधी ऐकलेला असेल, म्हणून आधी हसत असेल. हे पटण्यासारखं होतं. घरी स्वयंपाकघरात उभं राहून तर पूर्ण पटायचं. गुरुवारी संध्याकाळी मायक्रोफोनपुढे उभं राहिलं की मात्र हे पटणं कुठल्या कुठे जायचं. तिथे उभी राहून ती वाट बघायची. नवऱ्याच्या बोटीची वाट बघतात तशी.

शेवटी तिने ओटोला विचारलं.

ओटो फेल्डर कार्यक्रमातले पावलांचे, दारांचे आवाज काढणारा माणूस. चाकांवरचं एक सुटं दार, मडकी, नारळाच्या करवंट्या, वाळूची पेटी, असा त्याचा संसार. मिसेस प्लमलीची ठकठक तोच करायचा. साठीचा, जाड भिंगांचा, बायको वारलेला. कान असे, की दुसऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या किती आहेत ते सांगेल.

"ओटो, माझ्या विनोदाआधी कोणी हसतं का रे?"

"विनोदानंतर हसले तरी देवाचे आभार माना, बाईसाहेब."

"थट्टा नको."

ओटोने तिच्याकडे पाहिलं. हातातली करवंटी खाली ठेवली.

"हसू नाही ऐकलं मी," तो म्हणाला. "पण तुम्ही थांबता ना, तेव्हा सभागृह बदलतं. एक माणूस वाढल्यासारखं. रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा, माणूस असलेल्या खोलीचा वेगळा. हे कोणाला सांगू नका. गस मला डॉक्टरकडे धाडेल."

"आणि ती खुर्ची?"

"स्प्रिंग गेलीय म्हणे. झाडूवाल्याने तेल घातलं."

"कुठल्या खुर्चीला?"

ओटोने बोटांवर आठवडे मोजले. दर आठवड्याला तेल वेगळ्या खुर्चीला घातलं जात होतं.

४

प्रत्येक खेळ ध्वनिमुद्रित करून त्याची एक तबकडी ठेवली जायची. मेच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, स्टुडिओत फारसं कोणी नसताना, ओटोने दुसऱ्या खेळाची तबकडी लावली. दोघं उभ्यानेच ऐकत होते.

हॅल बोलला. ठकठक झाली. मिसेस प्लमली आली. कॉरीला स्वतःचा आवाज ऐकायला कधीच आवडायचं नाही. विनोदाच्या तोंडाशी तो आवाज थांबला. सुई खरखरत राहिली. हसू नव्हतंच तिथे. नुसती पोकळी, सहा सेकंदांची, आणि मग पुढचं वाक्य.

"बघा," ओटो म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. "काही नाही."

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना तिला ते सापडलं. पोकळीच्या अगदी सुरुवातीला, एक श्वास. आत ओढलेला.

"तो तुमचाच श्वास आहे."

"मी मायक्रोफोनपुढे असा श्वास घेईन? वीस वर्षांत घेतलाय?"

ओटो यंत्राकडे वळला. त्याने सुई उचलली, तबकडी पाकिटात सरकवली आणि रुमालाने बोटं पुसली. बराच वेळ पुसत राहिला. कॉरी मात्र घरी जाताना बसमध्ये हसत होती. समोरच्या बाईने जागा बदलली. कॉरीला वाटलं, आर्डी आहे. कुठेतरी आहे. इतके महिने कोरडं पडलेलं काहीतरी तिच्या आत ओलं झालं होतं, आणि ते काय आहे हे विचारायची तिची तयारी नव्हती.

५

मेच्या तिसऱ्या गुरुवारी हसू पहिल्या रांगेतून आलं. त्याच दिवशी दोन खेळांच्या मध्ये गसने सगळ्यांना गोळा केलं.

"बातमी चांगली आहे," तो म्हणाला. "जूनपासून दुसरा खेळ बंद. पहिल्या खेळाची टेप करायची आणि तीच संध्याकाळी पश्चिमेला वाजवायची. साडेचारला तुम्ही मोकळे."

एकच गलका झाला. हॅलने टोपी उडवली. वीस वर्षांत गुरुवारची संध्याकाळ कोणी पाहिलीच नव्हती. वाद्यवृंदातला तुतारीवाला म्हणाला, आता मला माझी पोरं जागी असताना दिसतील. कॉरी कागद हातात धरून उभी होती.

ती गसच्या मागोमाग काचेच्या खोलीत गेली.

"दुसरा खेळ ठेव."

"काय?"

"माझ्यापुरता तरी ठेव. टेपमध्ये जान नसते, गस. लोकांना कळतं."

"कॉरी," गस दार लावत म्हणाला, "हे बघ. पहिल्या खेळात तू घड्याळासारखी चालतेस. दुसऱ्या खेळात भोकं पाडतेस. चार सेकंद, सहा, गेल्या वेळी नऊ. नऊ सेकंद म्हणजे रेडिओवर मयत! माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तुला केव्हाच नारळ दिला असता. ही टेप येतेय म्हणून मी गप्प आहे. टेप तुला वाचवतेय, बाई."

"मला वाचायचं नाहीये."

गसने तिच्याकडे नीट पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता.

"फेब्रुवारीत मी तुला जा म्हटलं होतं," तो हलकेच म्हणाला.

"म्हटलं होतंस," कॉरी म्हणाली आणि बाहेर आली.

आजचा खेळ सोडला तर आता एकच गुरुवार उरला होता.

६

शेवटच्या गुरुवारी, पहिला खेळ आटोपल्यावर, कॉरी आणि ओटो रस्त्यापलीकडच्या खाणावळीत बसले. ओटोने दोघांसाठी सूप मागवलं. कॉरीने पर्समधून ते जुनं पान काढून टेबलावर पसरलं.

"शिडी," ओटो म्हणाला. "आठवतंय मला. त्या दिवशी ठकठक मी केली होती."

"तिने ती ऐकली नाही. अगदी थोडक्यात चुकली. म्हणून ती आधी हसते, ओटो. ती त्याच विनोदाची वाट बघतेय. मी दर आठवड्याला तिला दुसरंच काहीतरी देतेय."

ओटोने पाव मोडला. त्याला यातलं किती आधीपासून कळलं होतं कोण जाणे.

"मग द्या तिला तो."

"दिला आणि ती गेली तर?"

"प्रेक्षक केव्हातरी घरी जायचाच, बाईसाहेब. आपण दिवे विझवतो ते त्यासाठीच."

"तुला बोलायला काय जातं?"

"मला?" ओटो म्हणाला. "माझी ग्रेटा गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज मी वर्षभर वाळूच्या पेटीत करायचो. रोज, घरी जायच्या आधी. अगदी हुबेहूब यायला लागला. मग एक दिवस माझे हात थांबले, आणि आवाज थांबला नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी पेटीतली वाळू ओतून दिली. नवीन भरली. सांगा तिला विनोद, आणि माझ्याबरोबर बाहेर पडा. मागे रेंगाळू नका."

कॉरीने मान डोलावली. सूप तसंच गार झालं.

७

सात वाजता लाल दिवा लागला. शेवटचा दुसरा खेळ. सगळे उधाणलेल्या आनंदात होते, हॅल तर वाक्यागणिक डोळे मिचकावत होता. विसाव्या मिनिटाला ओटोने सुट्या दारावर ठकठक केली, त्या फेब्रुवारीत केली होती अगदी तशी.

कॉरीने आजची पानं गालिच्यावर सोडून दिली. वाचून झालेलं पान असंच सोडायचं असतं, कागद वाजू नये म्हणून. ही तिने न वाचताच सोडली.

"मिस्टर डॉबर्न, तुमची शिडी देता का हो जरा?"

हॅल क्षणभर चमकला. पण तो मुरलेला गडी होता, आणि विनोद विसरणाऱ्यांतला नव्हता.

"शिडी? कशाला?"

"मिस्टर प्लमली छपरावर आहेत."

"वर कसे गेले?"

"आमच्या शिडीने."

"मग तुमची शिडी कुठाय?"

"मी काढून घेतली. मला म्हणाले, जरा गप्प बस."

लोक हसायला लागले. कॉरीने ते ओसरू दिलं. पुढच्या वाक्याच्या तोंडाशी ती आली, आणि समोर पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, एक श्वास आत ओढला गेला. तिला नेहमीसारखं थांबायचं होतं. ती थांबली. पण हसू आलं नाही. श्वास तसाच धरून ठेवलेला होता.

आर्डीने आयुष्यात पहिल्यांदा धीर धरला होता.

"पण मग माझी शिडी कशाला हवी?" हॅल म्हणाला.

"मलाही छपरावर जायचंय," कॉरी म्हणाली. तिचा आवाज फाटला, आणि मिसेस प्लमलीला तो शोभून दिसला. "दोन दिवस झाले हो. घरात भांडायला कोणी नाही."

सभागृह कोसळलं. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी, विनोदानंतर, बरोबर वेळेवर, सुरईतून पाणी ओतावं तसं ते हसू आलं. पुरं, पोटभर, सावकाश. कॉरीच्या चष्म्याची काच धुरकट झाली. ती तशीच उभी राहिली. पन्नास लोकांचं हसू ओसरलं, ते मात्र चालूच होतं, आणि त्याच्या शेवटाला खोकला आला.

हाडं खिळखिळी करणारा.

दुसऱ्या रांगेत एक जाडजूड बाई बसली होती. तिने घाईघाईने पर्स उघडली, खोकल्याची गोळी काढली आणि पुढच्या खुर्चीकडे झुकून हात पुढे केला. हात तसाच राहिला. मग फार हळूहळू तिने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि खेळ संपेपर्यंत ती बाई एकदाही हसली नाही.

८

गसने शेवटी घड्याळ दाखवलं. खेळ अगदी सेकंदावर संपला होता. त्याने काचेआडून अंगठा उंचावला. मग टाळ्या, मिठ्या, सगळे खाणावळीकडे निघाले.

"चला," ओटो दारापाशी थांबून म्हणाला.

"कोट घेते. आलेच मी."

"बाईसाहेब."

"आले म्हटलं ना!"

तो दार धरून उभा राहिला, मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि दार आपोआप मिटलं. ते जाड दार मिटलं की बाहेरचं जग संपायचं. रेडिओच्या स्टुडिओतली शांतता साधी नसते. भिंतींना आवाज परत फेकायची बंदी असते. स्वतःचा श्वासही तिथे परका वाटतो.

सगळ्या फळ्या वर होत्या. पहिल्या रांगेतली मधली एकच खाली. कॉरी बघत असतानाच तीही उठली. फाटकन नाही. हलक्या अंगाचं पोर उतरावं तशी, सावकाश, आणि आवाज न करता मिटली.

गेली, कॉरीला वाटलं. ऐकून गेली. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम. ती वाकून पानं गोळा करायला लागली. ओटोच्या मागे आत्ता धावत जायचं, गरम सूप मागवायचं, गुरुवारच्या संध्याकाळी काय करतात ते शिकायचं.

शेवटचं पान हाताला येईना. कोणीतरी त्याच्यावर उभं असल्यासारखं ते गालिच्याला चिकटलं होतं.

तिने मान वर केली. त्या मायक्रोफोनला दोन बाजू होत्या, दोन्हीकडून ऐकणाऱ्या. एकीकडे कॉरी, पलीकडे हॅल, असे ते समोरासमोर उभे राहत. आता पलीकडे कोणी नव्हतं. पण मायक्रोफोनची दांडी चकचकीत पोलादाची होती, आणि तिच्यावर, कंबरेएवढ्या उंचीवर, वाफेचा एक ठिपका आला. विरला. परत आला. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलीचं तोंड पोचलं असतं.

"परत," पलीकडून आवाज आला.

कॉरीने दाराकडे पाहिलं. दार दहा पावलांवर होतं. हे ती पुढे कोणाला सांगणार असती तर शपथेवर सांगितलं असतं, की तिला कोणी धरलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं.

तिने दांडीची खीळ सैल केली, मायक्रोफोन खाली सरकवला, आणि गालिच्यावर गुडघे टेकून बसली. जवळून गोधडीचा वास आला, सफरचंदांच्या पेट्यांचा आणि छातीला चोळायच्या तेलाचा. तिने शिडीचा विनोद सांगितला, हॅलची वाक्यंही स्वतःच घेऊन. हसू आलं. इतकं जवळून, की तिच्या गालाला वारा लागला. मग तिची बाही ओढली गेली.

"परत."

तिने परत सांगितला. या वेळी हसू आलं, त्याच्या शेवटाला खोकला आला नाही. पलीकडची छाती मोकळी, स्वच्छ वाजत होती. कॉरीला इतका आनंद झाला, की त्याचा अर्थ तिच्या लगेच ध्यानात आला नाही.

"परत, कॉरी."

तिसऱ्यांदा सांगताना ‘मी काढून घेतली’पाशी तिला खोकला आला. खोल, हाडं खिळखिळी करणारा. हातात रुमाल नव्हता. तिने तळहात ओठांवर दाबला आणि तो न बघता झग्याला पुसला. जाड दाराच्या बाहेर कोणीतरी ठकठक करत होतं. ती ठकठक ती ओळखत होती. आयुष्यभर त्याच ठकठकीवर तिने प्रवेश केला होता. आज मात्र ती उठली नाही.

तिने श्वास सावरला. विनोद अर्धाच झाला होता, आणि पलीकडे हसू सुटलंसुद्धा.

"अगं, अजून सांगितलं कुठे?" कॉरी म्हणाली.

"येताना दिसतंय मला," आर्डी म्हणाली.

ते शब्द कॉरीच्या खांद्यावरून पलीकडे, तिच्या पाठीमागून येणाऱ्या कशाकडे तरी बघत म्हटलेले होते. कॉरीने वळून बघितलं नाही. तिने पुढचं वाक्य घेतलं.